‘मंदिरापासून पाच मिनिटं’: कोल्हापुरात कुटुंबासाठी हॉटेल कसं निवडायचं

कोल्हापुरात हॉटेल शोधायला बसलात की प्रत्येक जाहिरातीत अंबाबाईचं मंदिर ‘पाच मिनिटांवर’ असतं. ही पाच मिनिटं कुणाची, ते कुठंच लिहिलेलं नसतं. रात्री अकराला रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकलवर येणाऱ्या वेटरची, की शुक्रवारी संध्याकाळी गुडघे धरलेल्या आजीला सावरत आणि झोपलेलं पोर खांद्यावर टाकून परतणाऱ्या तुमची?

बाहेरगावचे पाहुणे, पाहुण्यांचे शेजारी, शेजाऱ्यांचे ऑफिसवाले, सगळे कोल्हापूरकराला हेच विचारतात: “देवळाजवळचं एखादं चांगलं हॉटेल सांगा की.” नाव सांगून मोकळं होता येतं. पण त्याच हॉटेलवर एक कुटुंब खूश होऊन जातं आणि दुसरं घरी पोहोचेपर्यंत कुरकुरत राहतं. म्हणून इथं हॉटेलांची नावं नाहीत, निवडायची पद्धत आहे.

आधी माणसं मोजा, मग मीटर

धडधाकट माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. सत्तरीची आजी किंवा चार वर्षांचं मूल बरोबर असलं की हाच वेग निम्म्यावर येतो. हॉटेलवाल्याचे ४०० मीटर त्याला पाच मिनिटांचे, तुम्हाला दहाचे. ८०० मीटर म्हणजे वीस मिनिटं, तीसुद्धा देवळासमोरच्या महाद्वार रोडवरच्या बांगड्या, खेळणी आणि उसाच्या रसापाशी कुणी थांबलं नाही तर. आणि कुणीतरी थांबतंच.

दुसरी गोष्ट, मोजायचं ते परतीचं चालणं. जाताना सगळ्यांच्या अंगात उत्साह असतो. परतताना रांगेत उभं राहून पाय भरलेले असतात, हातात प्रसादाची पिशवी असते, पोरांना भूक लागलेली असते आणि रात्रीचे नऊ वाजलेले असतात. घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला, सर्वांत गर्दीच्या वेळी, परत यायला किती वेळ लागेल, हे तुमचं खरं अंतर.

माझा ठोकताळा असा. पाच वर्षांखालचं मूल किंवा गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर मंदिराच्या दरवाजापासून ४०० मीटरच्या आत. शाळकरी मुलं आणि पन्नाशीतले आईवडील असतील तर एक किलोमीटरपर्यंत चालेल. सगळेच तरुण असाल तर चालण्याचा हट्टच सोडा. स्टेशनजवळ राहा, रिक्षा करा आणि वाचलेल्या पैशांचं मटण खा.

स्वतःला एक प्रश्न जरूर विचारा: मंदिरात किती वेळा जाणार आहात? एकदाच दर्शन घेऊन पुढं जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी करायची असेल तर देवळाच्या गल्लीत अडकून पडण्यात अर्थ नाही. रोज सकाळी गाडी बाहेर काढतानाच जीव मेटाकुटीला येईल. पण पहाटेची काकड आरती, दुपारी विश्रांती, संध्याकाळी खरेदी, रात्री शेजारती असा बेत असेल तर जवळच्या खोलीचे जास्तीचे पैसे पहिल्याच दुपारी वसूल होतात. दुपारी मुलाला दोन तास खोलीवर झोपवता येणं, हाच जवळ राहण्याचा खरा फायदा. स्टेशनजवळ राहणारं कुटुंब दुपारी परत जात नाही, आणि संध्याकाळी कुणातरी एकाच्या रडण्यानं दिवस संपतो.

मंदिर म्हणजे नक्की कुठलं दार?

नकाशावर अंबाबाईचं देऊळ म्हणजे ‘महालक्ष्मी मंदिर’ असा एक ठिपका दिसतो. प्रत्यक्षात आवाराला चारी बाजूंनी दारं आहेत. पश्चिमेला महाद्वार, ते महाद्वार रोडवर उघडतं. उत्तरेला घाटी दरवाजा, मोठी घंटा टांगलेला. पूर्वेचा दरवाजा भवानी मंडपाच्या अंगाला, आणि दक्षिणेचा विद्यापीठ हायस्कूलच्या बाजूला. एका दाराच्या अगदी तोंडाशी असलेलं हॉटेल दुसऱ्या दारापासून बरंच लांब पडतं, आणि गर्दीच्या दिवशी आवारातून आडवं जाता येईलच असं नाही.

अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळं लांबून मुखदर्शन महाद्वाराच्या बाजूनं होतं. गाभाऱ्यापर्यंतच्या दर्शनाची रांग गर्दीच्या दिवसांत पूर्वेकडून लावतात. घरात रांगेत उभं राहू न शकणारं कुणी असेल आणि ते रोज मुखदर्शनावर समाधान मानणार असेल, तर महाद्वाराच्या बाजूचं हॉटेल बरं. आई-बाबा पहाटे रांगेत आणि मुलं आजीबरोबर खोलीवर असा बेत असेल तर भवानी मंडपाची बाजू सोयीची. कुठल्या दारानं आत आणि कुठल्या दारानं बाहेर, हे त्या आठवड्याच्या बंदोबस्तावर ठरतं. म्हणून हॉटेलला फोन केलात की “रांग सध्या कुठनं आहे?” असंही विचारा. ज्याला हे चटकन सांगता येत नाही, त्याचं हॉटेल बहुतेक देवळाजवळ नाही.

नकाशावरचे सापळे

सर्वांत मोठा सापळा ताराबाईंच्या नावाचा. ताराबाई रोड महाद्वारासमोरून रंकाळा तलावाच्या दिशेनं जातो. तिथलं हॉटेल म्हणजे देऊळ खरोखर हाकेच्या अंतरावर. ताराबाई पार्क मात्र मध्यवर्ती बसस्थानकाच्या पलीकडं, मंदिरापासून तीनेक किलोमीटरवर. वस्ती शांत, रस्ते रुंद, हॉटेलं चांगली, पण तिथून चालत देवळात कुणी जात नाही. घाईत ‘ताराबाई’ एवढंच वाचून बुकिंग करणारे दर सुट्टीत भेटतात.

दुसरा सापळा हॉटेलच्या पाटीचा. महालक्ष्मी, अंबाबाई, करवीर ही नावं शहरभर आणि हायवेवरही आहेत. पाटीवर देवीचं नाव आहे म्हणजे देवी शेजारी आहे असं नाही. पत्त्यात पेठ किंवा चौक कुठला आहे ते बघा.

ढोबळमानानं असं धरा. महाद्वार रोड, ताराबाई रोडचं सुरुवातीचं टोक, जोतिबा रोड, भवानी मंडपाचा परिसर, बिनखांबी गणेश मंदिराजवळचा भाग: हे खरं चालत जाण्याचं अंतर. बिंदू चौक, मिरजकर तिकटी, खासबाग, गंगावेश: चालत जमतं, पण आजीला दमवणारं. लक्ष्मीपुरी आणि दसरा चौक: जाताना चालत, येताना रिक्षा. रंकाळ्याच्या काठची हॉटेलं संध्याकाळच्या वाऱ्यासाठी सुंदर, मुलांना चौपाटी मिळते. पण देऊळ एक-दीड किलोमीटरवर आहे हे धरून चाला. स्टेशन, बसस्थानक आणि शाहूपुरी अडीच-तीन किलोमीटर; तिथं जाहिरात काहीही म्हणो, रिक्षाच.

अंतर मोजताना मोबाइलच्या नकाशात चालण्याचा पर्याय निवडा आणि शेवटचा ठिपका मंदिराच्या मध्यावर न ठेवता तुमच्या दारावर ठेवा. जी मिनिटं दिसतील त्यांची दुप्पट करा. मग लोकांनी टाकलेले रस्त्याचे फोटो बघा. बोळ अंधारी आहे का, खाली परमिट रूम आहे का, जिना थेट रस्त्यावर उतरतो का, हे हॉटेलच्या चकचकीत फोटोंत दिसत नाही. ‘परमिट रूम व लॉजिंग’ अशी पाटी असेल तर कुटुंबासाठी ते हॉटेल सोडून द्या. खोली कितीही स्वच्छ असो, रात्री जिन्यात कोण भेटेल ते आपल्या हातात नसतं.

गाडी घेऊन येणार असाल तर

मंदिराभोवतीचे रस्ते जुन्या पेठांचे आहेत. सुट्टीच्या आणि सणाच्या दिवशी पोलीस चारचाकी बाहेरच अडवतात, आणि मग हॉटेल ४०० मीटरवर असूनही बॅगा तुमच्या डोक्यावर येतात. ‘पार्किंग आहे’ या दोन शब्दांवर कधीच थांबू नका. हॉटेलच्या आवारात की रस्त्यावर? किती गाड्या मावतात? जागा राखून ठेवता की आधी येईल त्याची? पुष्कळ हॉटेलांचं पार्किंग म्हणजे बिंदू चौकातलं किंवा गांधी मैदानावरचं सार्वजनिक पार्किंग असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त आधी माहीत हवं.

मोठी गाडी असेल तर मला दुसरी वाट बरी वाटते. आधी हॉटेलच्या जवळात जवळ गाडी नेऊन माणसं आणि सामान उतरवायचं, मग एकट्यानं गाडी सार्वजनिक पार्किंगला लावून चालत यायचं, आणि निघेपर्यंत तिला हात लावायचा नाही. हॉटेलचा मुलगा सामान घ्यायला कोपऱ्यापर्यंत येईल का, हे फोनवर विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी येतो. हातावर थोडे पैसे ठेवायचे.

फोन करा, आणि हे विचारा

ॲपवरून बुकिंग करणार असाल तरी आधी एक फोन कराच. दुपारी तीनच्या सुमारास करा, तेव्हा काउंटरवरच्या माणसाला बोलायला वेळ असतो. बोलणं साधारण असं होतं:

“नमस्कार दादा, दोन मोठे, आई आणि दोन मुलं. दोन रात्री. खोली कितव्या मजल्यावर मिळेल?”

“दुसऱ्या मजल्यावर आहे बघा, लिफ्ट आहे की.”

“लिफ्ट खालपासून आहे का? आईला पायऱ्या चढवत नाहीत.”

“खाली एक आठ-दहा पायऱ्या हायत तेवढ्या.”

हे ‘तेवढ्या’ ऐकायलाच फोन करायचा असतो. पेठेतल्या जुन्या इमारतींत खाली दुकानं, वर लॉज अशी रचना असते, आणि लिफ्ट नंतर बसवलेली असली की ती बऱ्याचदा अर्ध्या मजल्यावरून सुरू होते.

पुढचा प्रश्न गरम पाण्याचा. “गरम पाणी आहे का?” असं विचारलंत तर उत्तर ‘आहे’ हेच येणार. “पहाटे चारला येतं का?” असं विचारा. मंदिर पहाटे साडेचार-पाचच्या सुमाराला उघडतं. काकड आरतीला जायचं तर अंघोळ त्याआधी उरकायला हवी. सोलरचं पाणी काही ठिकाणी सकाळी ठरावीक वेळेतच सोडतात. गिझर खोलीतच असेल तर प्रश्न मिटला.

तिसरा, खोली ताब्यात कधी आणि सोडायची कधी. कोल्हापुरात दोन्ही पद्धती आहेत: दुपारी बाराचा ठोका, किंवा आल्यापासून २४ तास. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं येणारं कुटुंब सकाळी सात-साडेसातला स्टेशनवर उतरतं, आणि रात्रीची ट्रॅव्हल्स त्याहून आधी पोहोचते. अशा वेळी बाराची पद्धत असलेलं हॉटेल घेतलंत तर पाच तास रिसेप्शनच्या सोफ्यावर. मुलं असतील तर २४ तासांवाल्या हॉटेलला झुकतं माप द्या, किंवा “सकाळी आठला खोली मिळेल का, जास्तीचे किती?” हे आधीच ठरवून घ्या.

बाकीचं भराभर: जादा गादीचे किती, कितव्या वर्षापर्यंत मुलाचे पैसे नाहीत, कमोड आहे की भारतीय बैठक, रात्री खालचं दार कितीला बंद होतं, सकाळी दूध कोमट करून मिळेल का. ओळखपत्र सगळ्या मोठ्यांचं लागतं; आजीचं आधार कार्ड घरी राहिलं तर रात्री दहाला शोधाशोध होते.

खोली: बघावं असं फार थोडं आहे

कुटुंबासाठी दोन छोट्या खोल्या की एक मोठी, यावर घरोघरी वाद होतो. मुलं लहान असतील तर एकच मोठी, चार बेडची घ्या. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांची वेगळी आणि शेजारची, कारण ते पहाटे उठतात आणि मुलं नाही. एक वरच्या मजल्यावर आणि एक खाली अशी जोडी देऊ केली तर नाही म्हणा.

महाद्वार रोडवर उघडणारी खिडकी फोटोत छान दिसते. तिथला आवाज दुकानं बंद होईपर्यंत राहतो आणि पहाटे फुलवाल्यांपासून पुन्हा सुरू होतो. झोप हवी असेल तर मागच्या बाजूची खोली मागा. मात्र मागच्या खोल्यांना कधी कधी खिडकी म्हणजे नुसती डक्ट, इमारतीतली बंदिस्त पोकळी, असते, तेव्हा “खिडकी उघडते का?” हेही विचारा. पलंग, टीव्ही, पडदे यांवर मी वेळ घालवत नाही. बाथरूमची फरशी घसरते का आणि दाराला आतून धड कडी आहे का, एवढं पोहोचल्यावर बघून घ्या. आवडली नाही तर सामान उघडायच्या आधी खोली बदलून मागा. नंतर कुणी ऐकत नाही.

तारीख चुकली तर सगळं चुकलं

मंगळवार, शुक्रवार आणि रविवार मंदिरात गर्दी असते. शुक्रवारी रात्री देवीची पालखी निघते. पालखी बघायची असेल तर शुक्रवारची रात्र धरून ठेवा आणि जवळच राहा, कारण ती आटोपून परतायला उशीर होतो. शांत दर्शन हवं असेल तर सोमवार किंवा बुधवारचा दिवस धरा.

नवरात्रात सगळंच वेगळं असतं. ललिता पंचमीला त्र्यंबोलीची यात्रा, अष्टमीला रात्री देवीची नगरप्रदक्षिणा, दसऱ्याला दसरा चौकात सीमोल्लंघन. या दिवसांत देवळाजवळची खोली महिनोन् महिने आधी धरलेली असते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा आणि दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथोत्सव, तेव्हाही तेच. किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत येतात, आकाश निरभ्र असेल तर. त्या संध्याकाळी महाद्वाराच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते.

एक दिवस मात्र लहान मुलांसह देवळाजवळ अजिबात राहू नये: अनंत चतुर्दशी. विसर्जन मिरवणूक मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश, महाद्वार रोड, पापाची तिकटी अशी जाते आणि दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही. बघायला यायचं तर जरूर या, नाद खुळा असतो. पण झोपायला ताराबाई पार्कात जा.

पावसाळ्यात, विशेषतः जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये, पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. निघायच्या आधी तो आकडा बघायची सवय ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बेंगळूरु हायवेच बंद पडला होता. मंदिराचा भाग उंचावर आहे, पण जयंती नाल्याच्या आणि नदीच्या कडेच्या वस्त्यांत पाणी शिरतं, आणि हॉटेल कोरडं असून उपयोग काय, तुम्ही तिथवर पोहोचायला तर हवं.

पैशांचा हिशेब

देवळाजवळची खोली महाग वाटते ती नुसता दर बघितल्यामुळं. समजा जवळची खोली २,५०० रुपये आणि स्टेशनजवळची तशीच १,८००. फरक ७०० चा. मंदिरात दोनदा जाणं-येणं म्हणजे रिक्षाच्या चार फेऱ्या. पाच-सहा माणसं असतील तर एका रिक्षात मावत नाहीत, म्हणजे आठ भाडी. उरलेला फरक दुपारच्या झोपेचा धरा. एकदाच जाणार असाल तर हाच हिशेब उलटा पडतो.

दर ऐकताना “टॅक्ससहित का?” असं विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्या खोलीवर १८ टक्के. कुणी जुना १२ टक्क्यांचा आकडा सांगितला तर हसून नव्याची आठवण करून द्या. नाश्ता दरात धरलेला असेल तर तो काढून किती होतात ते बघा. मिसळीच्या गावात येऊन हॉटेलातला थंड उपमा कशाला खायचा?

आगाऊ रक्कम पाठवताना जपून. देवस्थानांच्या गावात भक्त निवासाच्या नावानं खोट्या वेबसाइट बनवून यूपीआयवर पैसे उकळण्याचे प्रकार सर्रास होतात. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव हॉटेलचं किंवा मालकाचं आहे का ते विचारून खात्री करा, आणि सगळी रक्कम आधी मागणाऱ्याला नमस्कार करा.

पायी आणखी काय मिळतं

जवळ राहिलात तर भवानी मंडप, गुजरी (सराफ बाजार), चप्पल लाइन, कपिलतीर्थ मंडई हे सगळं गाडीशिवाय होतं. संध्याकाळी खासबागेत भेळ. शेजारीच कुस्त्यांचं मैदान आहे, पोरांना आत डोकावू द्या. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून दूध देतात, शहरातल्या मुलांचा त्यावर आधी विश्वास बसत नाही. कणेरी मठातलं ग्रामजीवनाच्या पुतळ्यांचं संग्रहालय मुलांना देवळाहून जास्त आवडतं, हे खरं. पण ते शहराबाहेर आहे, त्याच्यासाठी हॉटेल बदलायची गरज नाही, परतीच्या दिवशी करा.

चपला खोलीवर ठेवून अनवाणी निघणं जवळ राहणाऱ्यालाच परवडतं, पण एप्रिल-मेच्या दुपारी नको, डांबर भाजतं. तोकडे कपडे मंदिरात चालत नाहीत, तेव्हा मुलांच्या हाफ पँटवर एकदा नजर टाका, नाहीतर दारातून परत फिरावं लागेल. परत फिरायचं अंतर किती, ते तुम्ही आधीच मोजलेलं आहे.

शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावरही गाडीला वेळ असेल तर सामान काउंटरला ठेवतात. फुकट की तासावर, ते आदल्या रात्रीच विचारा आणि पावती घ्या. स्टेशनला जायची रिक्षा महाद्वार रोडवर न शोधता हॉटेलवाल्याला बोलवायला सांगा. गर्दीत ती कुठल्या कोपऱ्यापर्यंत येऊ शकते, हे त्यालाच ठाऊक असतं.